'रात्रपाळी'चं पहिलं दार

भूत कसं व्हायचं ते मला कुणी शिकवलं नाही. नातीने तोंडासमोर माईक धरला आणि म्हणाली, "आजी, तुझ्या कारखान्यातली ती मुकादमीण कशी ओरडायची? तस्सं 'पुन्हा!' म्हण."

मी म्हटलं. पलीकडे इस्त्री करत असलेला माझा मुलगा असा दचकला की गिऱ्हाइकाच्या पॅन्टला नको तिथे घडी पडली.

"आई गं! मला काजं करायला शिकवायचीस तेव्हा अश्शीच ओरडायचीस!"

"म्हणून तर तुझी काजं सरळ आली," मी म्हणाले.

नातीने कानावरचे हेडफोन काढले. चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "आजी, मला दुसरं भूत शोधायलाच नको."

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसली तर आजारी आहे असं समजायचं. आमचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान. कुणाची पॅन्ट आखूड कर, कुणाची चेन बदल. दुकानाच्या मागच्या खोलीत पूर्वी कापायचं टेबल होतं, तिथे या पोरीने ऑफिसची नोकरी सोडून कॉम्प्युटर मांडला आणि खेळ बनवायला बसली ती बसलीच. भिंगरी स्थिर झाली, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण साधं नाही.

खेळाचं नाव 'रात्रपाळी'. बंद पडलेला शिवणकारखाना, त्यात कोंडली गेलेली एक मुलगी, आणि मेल्यावरही कामावर येणारी मुकादमीण. एकामागून एक दारं. प्रत्येक दाराचं कोडं सोडवायचं, चुकलात की मुकादमीण येते. ती दिसायच्या आधी तिची कात्री ऐकू येते, कच्, कच्. ती कात्रीही माझीच.

चित्रं मुद्दाम जुन्या खेळांसारखी, ठोकळ्याठोकळ्यांची. रंग बोटांवर मोजण्याइतके. पडदा मधूनच जुन्या टीव्हीसारखा थरथरायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हणाले, "अगं, हिला डोळे कुठे आहेत? नुसते दोन चौकोन!"

"बघत राहा."

बघत राहिले. थोड्या वेळाने त्या दोन चौकोनांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून दुकानात गेले आणि उगाचच बटणांचे डबे लावत बसले.

तिच्या जोडीला एक मुलगा होता, खेळातले आवाज आणि संगीत करणारा. कारखान्याचा भोंगा त्याने स्वतःच्या तोंडाने वाजवून भरला होता, तेव्हापासून त्याचं नाव भोंगा. तोही सकाळी यायचा, दिवसभर आमच्याकडेच पडीक. माझा मुलगा त्याला म्हणायचा, "तू घरभाडं कशाला भरतोस रे?" तो म्हणायचा, "काका, कपडे ठेवायला."

खेळ बाहेर पडला त्या दिवशी दुकानात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. लोक खेळायला लागले आणि लिहायला लागले. मला अक्षरं उशिरा आली. भिंगरी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या शेजारी बसून मीही गिरवली, त्यामुळे अजून बोट ठेवून वाचते. पण त्या दिवशी बोट कसं पळत होतं! 'चित्रं झकास.' 'मुकादमिणीचा आवाज ऐकून कुत्रं पलंगाखाली गेलं.' मी हे दोनदा वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "कुत्र्याला अक्कल आहे."

दुसऱ्या दिवशी वारं फिरलं. 'पहिल्याच दारात अडकलो.' 'दार उघडतच नाही.' 'खेळ मोडका आहे.' 'परत केला.' आणि खाली तोंड केलेले अंगठे, एकाखाली एक.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले.

"आजी, अंगण मीच बांधलंय," भिंगरी म्हणाली. "वाकडं असेलही." पण तिचा आवाज बारीक झाला होता. तिच्या जुन्या ऑफिसने तिची जागा सोमवारपर्यंत रिकामी ठेवली होती. खेळ चालला नाही तर सोमवारी तिथे 'येते' म्हणून सांगायचं, असं तिनेच आम्हाला सांगून ठेवलं होतं. आमच्यापैकी कुणी तो विषय काढत नव्हतं. कुणी विसरतही नव्हतं.

पहिलं दार म्हणजे काय, तर शिलाईची खोली. टेबलावर एका जाकिटाचे तुकडे पडलेले असतात: पाठ, पुढा, बाह्या. ते मशीनवर जोडायचे आणि तयार जाकीट कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्याला घालायचं. बरोबर असलं की दार उघडतं. लोक काय करत होते? तुकड्यांची रेघारेघांची चांगली बाजू वर ठेवून शिवत होते. मग जाकिटाच्या सगळ्या शिलाया बाहेर. कच्, कच्, मुकादमीण आली, टराटरा उसवलं, "पुन्हा!"

"पण चांगल्या बाजू समोरासमोर ठेवून उलट्या बाजूनेच शिवतात ना?" माझा मुलगा म्हणाला. "मग उलटवायचं. त्यात कोडं काय आहे?"

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, ते कोडं नव्हतंच. नुसता हात बसावा म्हणून ठेवलं होतं. कोडी पुढच्या दारापासून आहेत!"

आता प्रकाश पडला. खेळ बाहेर पडण्याआधी तो तपासला कुणी? मी, माझ्या मुलाने आणि भोंग्याने. आम्ही दोघं जन्माचे शिंपी, आणि भोंगा आमच्यात बसून बसून अर्धा शिंपी झालेला. तिघांनीही तुकडे विचार न करता उलटे ठेवले होते, दार उघडलं होतं, आणि आम्ही पुढे गेलो होतो.

भोंग्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "ताई, शर्ट शिवताना कापडाची कुठली बाजू वर ठेवतात?"

"शिवताना?" ताई म्हणाली. "शर्ट दुकानात मिळतो."

त्याने फोन खाली ठेवला. आम्ही सगळे हसलो, आणि परत खाली तोंड केलेले अंगठे मोजायला बसलो.

आणि अशात ती बातमी आली. एक मुलगा आहे, भीतीचे खेळ खेळतो आणि जग त्याला बघतं. स्वतःला 'घाबरट' म्हणवतो आणि नावाला जागतो. खेळापेक्षा त्याच्या किंकाळ्या ऐकायलाच माणसं जमतात. तो शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर 'रात्रपाळी' खेळणार होता.

"मेलो," भोंगा म्हणाला. "तो अडकला आणि 'मोडका आहे' म्हणाला की संपलं. भिंगरे, भिंतीवर एक बाण काढ. 'तुकडा उलटा कर' असं लिही. अर्ध्या तासाचं काम आहे."

तिने काढला. लोकांपर्यंत पोचवायला एक बटण दाबायचं बाकी ठेवलं.

शनिवारी जेवणं उरकल्यावर आम्ही दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मागच्या खोलीत पडद्यासमोर दाटीवाटीने बसलो. घाबरट दिसला. पडदे ओढून अंधार केलेला, अंगात जाड पिवळा स्वेटशर्ट, डोळे आधीच मोठे. बाजूला बघणाऱ्यांनी लिहिलेल्या ओळी सरसर वर जात होत्या, मला एकही पूर्ण वाचता येईना.

खेळातला भोंगा वाजला आणि तो पहिली किंकाळी मारून मोकळा झाला.

"अजून काही झालंच नाही रे!" माझा मुलगा पडद्याला म्हणाला.

शिलाईची खोली आली. त्याने तुकडे जोडले. चांगली बाजू वर. कच्, कच्. "पुन्हा!"

"मावशी, आस्ते!" तो खुर्चीत पाय वर घेऊन ओरडला. बाजूच्या ओळी हसून लोळत होत्या. त्याने बाह्या बदलून पाहिल्या. "पुन्हा!" तुकडे फिरवले. "पुन्हा!" पुतळ्याला विनवण्या केल्या. "पुन्हा!" घाम फुटला तसा त्याने स्वेटशर्ट डोक्यावरून ओढून काढला आणि बाजूला भिरकावला.

पण मग त्याच्या किंकाळ्या कमी झाल्या. तो घाबरेनासा झाला. भीतीच्या खेळात माणूस कंटाळला की गेला, एवढं मलाही कळत होतं. "मंडळी," तो म्हणाला, "मला वाटतं हा मोडलाय. बंद करून परत चालू करून बघतो."

भोंगा ताडकन उठला. "हीच वेळ! आत्ता बाण पाठव, तो परत उघडेल तेव्हा भिंतीवर असेल. दाब!"

भिंगरीचं बोट बटणावर होतं. "दाब की गं," मीसुद्धा म्हणाले.

तिने बोट उचललं. "नाही."

"नाही म्हणजे काय?"

"या दारावर बाण लावला की पुढच्या प्रत्येक दारावर लोक बाणच शोधतील. मग कोडी बनवली कशाला? त्याला दिसेल. सगळं समोर आहे त्याच्या."

"सोमवार विसरलीस?" भोंगा म्हणाला.

"नाही विसरले."

पोरीचा हट्ट माझ्यावरच गेलाय, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पण गप्प बसवेना. मी हळूच मुलाचा फोन घेतला. त्यावर घाबरटच चालू होता, आणि खाली लिहायची जागा होती. वाटलं, बाण नको तर नको, एक म्हातारी कानात सांगते. मी अक्षरं शोधायला लागले. 'क' सापडला. काना. 'प' कुठे लपला होता कोण जाणे.

तिकडे घाबरटने खेळ बंद करायला हात नेला. तेवढ्यात अंगावर शिरशिरी आली असावी, कारण तो म्हणाला, "थांबा, गार वाटतंय," आणि अंधारात चाचपून स्वेटशर्ट घातला. डोक्यावरून ओढून काढलेला कपडा उलटाच निघतो. त्याने तो तसाच चढवला. मानेशी लेबल, खांद्यावर शिलाया, आतली पांढरट लव बाहेर.

बाजूच्या ओळी फुटल्या. 'उलटा!' 'अरे उलटा घातलायस!' 'भीतीने कपडे उलटे!'

"काय उलटा?" त्याने खाली पाहिलं. बाहीची शिलाई चिमटीत धरली. मग पडद्याकडे पाहिलं. मग परत बाहीकडे.

भोंग्याने माझा खांदा इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा थांबा थांबा. शिलाई आत असते. म्हणजे शिवताना ती..." त्याने पहिला तुकडा उलटा केला. दुसरा उलटा केला. "म्हणजे हे सगळं पालथं शिवायचं आणि मग..."

मशीन धडधडलं. जाकीट उलटून सुलटं झालं, रेघारेघा बाहेर. त्याने ते पुतळ्याला घातलं. कात्री ऐकू आली नाही. आणि पहिलं दार उघडलं.

तो खुर्चीवर उभा राहिला! "मंडळी! माझ्या अंगावर होतं! उत्तर माझ्या अंगावर होतं!" इकडे भोंगा आपला भोंगा वाजवत सुटला, माझ्या मुलाने मला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं, आणि भिंगरी टेबलावर डोकं टेकून हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

त्या गोंधळात माझं बोट लागलं आणि माझी नुकतीच पुरी झालेली ओळ निघून गेली.

घाबरटच्या नजरेस नेमकी तीच पडली. "'कापड उलटं कर बाळा.'" त्याने मोठ्याने वाचलं. "आता सांगता? कोण आहात हो तुम्ही?"

भिंगरीने डोकं वर केलं. माझ्याकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. "आजी! तू उत्तर फोडणार होतीस?"

"मी? छे. 'प' लवकर सापडला नाही म्हणून वाचलो."

"आई," माझा मुलगा म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या हळू लिहिण्याचा फायदा झाला."

घाबरट उघड्या दारातून विजयी वीरासारखा आत गेला, आणि दारामागे उभी असलेली मुकादमीण त्याच्या अंगावर आली. एवढी मोठी किंकाळी त्याने आधी कधी मारली नसेल. खुर्चीसकट मागे. पडद्यावर नुसते दोन पाय. मग जमिनीवरून आवाज आला, "हा खेळ मला फार आवडलाय."

त्या संध्याकाळपासून लोक उलटे शर्ट घालून फोटो टाकायला लागले. ज्यांनी खेळ परत केला होता त्यातले कितीतरी पुन्हा आले. कुणी लिहिलं, 'पहिल्यांदाच माझ्या शर्टाच्या आत बघितलं, केवढं काम असतं आत!' ही ओळ मी मुलाला वाचून दाखवली. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाला, "परत वाच." भिंगरीने बाण कायमचा पुसून टाकला. पण जे अडले होते त्यांचं काय, म्हणून शिलाईच्या खोलीत तिने एक खुंटी काढली आणि तिच्यावर एक पिवळा स्वेटशर्ट टांगला. उलटा. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

सोमवारी तिने ऑफिसला फोन केला. मी दाराआडून ऐकत होते. "नाही, येत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवून मागच्या खोलीत पळाली. पावलांचा आवाज ऐकून वाटलं, भिंगरी परत फिरायला लागली.

मंगळवारी दुकानात मुलाच्या त्याच फोनवर घाबरटचा निरोप आला. मुकादमिणीचा आवाज माझा आणि ती ओळही माझीच, हे त्याला कळलं होतं. 'आजी, चौथ्या दारात अडकलोय. कुणाला सांगणार नाही. जरासं सांगा ना. शपथ.'

चौथ्या दाराचं उत्तर मला माहीत होतं. जिभेवर होतं. भिंगरी समोर चेन बसवत होती. तिने वर पाहिलं नाही, पण सुई थांबली होती.

मी चष्मा लावला. या वेळी 'प' लगेच सापडला.

'पुन्हा!' मी लिहिलं आणि पाठवून दिलं.