हे जेवण कोणाच्या घरचं?

आमची जया अमेरिकेत बाळंत व्हायची होती आणि तिच्याजवळ बाईमाणूस कोणी नव्हतं. जावयाची आई लवकर वारलेली. म्हणून आम्ही दोघं निघालो. मी भगवंत, सिल्वासाजवळ मसाटला धाग्याच्या कंपनीत मशीनवर. माझी बायको पुतळाबाई त्याच कंपनीत पॅकिंग खात्यात. मूळ आम्ही शिरपूरकडचे, पण सिल्वासात राहून राहून असं झालंय की भांडतो गुजरातीत आणि रडतो मराठीत.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. जावई अनिकेत नाशिकचा. आमच्याच इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये इंजिनियर म्हणून आला, आमचीच पोरगी पसंत केली आणि तिला घेऊन गेला थेट अमेरिकेला. माणूस सोन्यासारखा, उगाच नाव ठेवणार नाही. सासूचे गुडघे धरतात म्हणून त्यानं विमानात पुढच्या, मोठ्या खुर्च्यांची तिकिटं पाठवली. तीही पैसे भरून नाही, पॉईंटवर. फोनवर मला समजावत होता, "आबा, मी ऑफिसच्या कामानं सारखा विमानानं फिरतो ना, त्याचे पॉईंट साठतात. त्या पॉईंटवर तिकीट निघतं." मी आपलं हो हो म्हटलं. कळलं काहीच नाही. जन्मभर एसटीनं फिरलो, मला कुठल्या कंडक्टरनं कधी पॉईंट दिला नाही.

आता खरी भानगड सांगतो. आमच्यात पोरीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. मी तसा ढिला माणूस, समोर आलं की खाणारा. पण पुतळाबाई पक्की. तिच्या आईनं पाळलं, तर तिनं पाळायचंच. तिनं तोड काढली ती अशी की बाळ होईपर्यंत लागेल तेवढं पीठ, तांदूळ, डाळ, तिखट सगळं सिल्वासाहून न्यायचं. मीठसुद्धा.

"अगं, अमेरिकेत मीठ मिळतं," मी म्हटलं.

"मिळत असेल. जावयाच्या डब्यातलं नको."

वाटेत खायला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पिशवीत बांधली होती. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवाल्यानं ती पिशवी हातात घेऊन बघितली, जड आहे म्हणाला, तिला चिठ्ठी चिकटवली, आणि पट्टा सुरू झाला. मोठ्या बॅगांच्या मागोमाग पिशवीपण निघाली. पुतळाबाई बघतच राहिली.

"अहो, भाकरी गेल्या."

"कुठं?"

"अमेरिकेला."

हसायला आलं मला. पण तिचं तोंड बघून हसू गिळलं. तिला शुगर. सकाळची गोळी तिनं नुकतीच घेतलेली, आता बसून भाकरी खायची या हिशोबानं. सिल्वासाच्या डॉक्टरनं बजावून सांगितलेलं, गोळी पोटात गेली की खायला पाहिजे, नाहीतर साखर उतरते आणि माणूस जागेवर पडतो. एकदा पॅकिंगमध्ये ती अशीच पडलेली मी बघितली आहे. इथं पडली तर हे लोक तिला विमानात चढू देतील का? आणि तिकडं जया दिवस भरलेली, एकटी.

त्यात विमानात काही बिघाड. दुपारपर्यंत हलत नाही म्हणाले. सोनाली म्हणून एक गोड पोरगी आली, विमान कंपनीचा कोट घातलेली, आणि आम्हाला वर घेऊन गेली. "काका-काकू, लाउंजमध्ये आरामात बसा."

लाउंज म्हणजे काय ते मला आत गेल्यावरपण कळलं नाही. दवाखान्यासारखी शांतता, पण पेशंट कोणी नाही. लग्नासारखं जेवण मांडलेलं, पण नवरानवरी नाहीत. हॉटेलसारख्या खुर्च्या, पण गल्ल्यावर शेठ नाही. काजू वाडग्यात असे उघडे ठेवलेले. उपमा, इडल्या, अंडी, पाव, केळी, कसले कसले रस. लोक यायचे, ताटली भरायचे, खायचे, पेपर तोंडापुढं धरायचे. कोणी कोणाला "बसा" म्हणत नाही, कोणी "अजून घ्या" म्हणत नाही. खाऊन झालं की ताटली तिथंच टाकून उठतात. मला वाटलं, यजमान कुठंतरी आत असेल. त्याला भेटावं, रामराम घालावा. पण यजमान काही दिसेना.

"चल, खाऊन घे," मी म्हटलं.

"हे कोणाचं?" पुतळाबाई.

"इथलंच. तिकिटात येतं."

"तिकीट कोणाचं?"

"आपलं."

"काढलं कोणी?"

झालं. तिनं पदर सावरला आणि खुर्चीच्या काठावर बसली, पाहुणीसारखी. "म्हणजे जावयाचंच. मला नको."

मी पाणी आणलं, तेपण नको. बाथरूमला जाऊन नळाचं पिऊन आली. म्हणे, नळ सरकारचा असतो.

मग मी एक डाव केला. ताटलीत उपमा घेतला, दारापर्यंत जाऊन परत फिरलो आणि म्हटलं, "हे बघ, बाहेरून विकत आणलं."

तिनं ताटलीकडं बघितलं. ताटलीच्या कडेला सोनेरी रेघ. शेजारच्या माणसाच्या ताटलीला पण सोनेरी रेघ. "बाहेरचा हॉटेलवाला ताटली पण देतो वाटतं," म्हणाली. मी तो उपमा ठेवून दिला. तिच्यासमोर आपण एकट्यानं कसा खायचा?

समोर एक साहेब बसलेले. मुकुंद नाव, पुण्याचे. बोलता बोलता कळलं, ते पण सिल्वासालाच, पिपरियाच्या एका कारखान्यात मॅनेजर. त्यांना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शिकलेला माणूस, म्हटलं, हा समजावेल. ते तिच्यासमोर येऊन बसले.

"काकू, तुमचं तिकीट पॉईंटवर आहे ना? मग जावयांनी खिशातून काहीच दिलेलं नाही. विमान कंपनी देते हे."

"का देते?"

"जावई त्यांच्या विमानानं फिरतात म्हणून."

"फिरायची दगदग कोणाची?"

"त्यांची."

"म्हणजे जावयाच्या घामाचंच की हो, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं, मग असं करू. मी माझ्या तिकिटातलं तुम्हाला आणून देतो. माझ्याकडून घ्या."

"तुमचं तिकीट कोणी काढलं?"

"आमच्या कंपनीनं. शेठनं."

"शेठला न विचारता त्याचं खाणं तुम्ही वाटत फिरता?"

मुकुंद साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "काका, आता मलाच कळेना मी सकाळी कोणाची अंडी खाल्ली."

मी विचारलं, "मग नक्की मालक कोण याचा?"

"तसा कोणीच नाही. ज्याचं त्यानं घ्यायचं."

पुतळाबाई लगेच म्हणाली, "मालक नसलेल्या घरात तर अजिबातच जेवू नये."

घ्या. जावयाचं म्हणावं तर चालत नाही, कोणाचंच नाही म्हणावं तर त्याहून चालत नाही. माझं डोकं धाग्याच्या बॉबिनसारखं फिरायला लागलं. आणि तेवढ्यात मला दिसलं, तिच्या वरच्या ओठावर घाम आलेला. खोली थंडगार, मी कोट असता तर घातला असता, आणि हिला घाम. बोलणंपण कमी झालं. मी ओळखलं, साखर उतरायला लागली.

"अगं, खा गं बाई. तुझ्या पाया पडतो."

"चारचौघात काय बोलता!"

जेवणाच्या टेबलामागं एक अर्धं दार होतं. त्याच्या आड एक बाई स्टुलावर बसून काम करत होती, कमळाबाई नावाची. काम काय, तर कापडी रुमालात चमचा, काटा, सुरी ठेवायची आणि गुंडाळी करायची. विमान खोळंबल्यामुळं माणसं वाढलेली, तिच्यापुढं रुमालांचा ढीग आणि सोनाली सारखी येऊन "मावशी, झाले का?" करत होती. पुतळाबाई तिकडं बघत बसलेली. एकदम उठली, गुडघ्याला हात लावून, आणि अर्धं दार ढकलून आत.

"सरका जरा," कमळाबाईला म्हणाली.

"अहो बाई, तुम्ही पॅसेंजर! इथं नाही यायचं!"

"पॅसेंजर आहे, लुळी नाही. कसं गुंडाळता, दाखवा."

"माझी नोकरी घालवता का काय?"

"मी काम करते आणि कामाचं खाते. मग ते कोणाच्या घरचं नाही, माझ्या हातचं."

मी दारात उभा. ऐकलं आणि एवढा वेळ जे मला, साहेबाला कोणाला सुचलं नाही ते हिला सुचलं म्हणून आधी बरं वाटलं. मग बघितलं तर तिचे हात थरथरत होते. जन्मभर बॉबिना पिशवीत भरणारा हात, डोळे मिटून चालणारा, आणि आता त्या हातातून चमचा खाली पडला, ठण्णकन.

तो आवाज ऐकून एक टायवाला आला. तिथला मॅनेजर. त्यानं बघितलं, मोठ्या तिकिटाची बाई आत बसून रुमाल गुंडाळतेय. त्याचा चेहराच उतरला.

"मॅडम, आमची काही चूक झाली का? सर्व्हिस कमी पडली का?" आणि कमळाबाईकडं वळून, "हे काय चाललंय?"

"मी काय करू साहेब, त्या ऐकेनात."

त्यानं पुतळाबाईच्या हातातला रुमाल हळूच काढून घेतला. "मॅडम, प्लीज. तुम्ही बाहेर बसा, काय पाहिजे ते मी आणून देतो."

"मला काम पाहिजे," पुतळाबाई म्हणाली. आवाज खोल गेलेला.

मी मध्ये पडलो. "साहेब, हात जोडतो. हिला काम द्या. काम केल्याशिवाय ही खाणार नाही, आणि खाल्लं नाही तर इथंच पडेल. शुगर आहे तिला. आमची पोरगी तिकडं वाट बघतेय."

तो माणूस माझ्याकडं, तिच्याकडं, रुमालाकडं बघत राहिला. म्हणाला, "लोक इथं सोफा कडक आहे म्हणून तक्रार करतात. काम मिळत नाही म्हणून आजपर्यंत कोणी केली नाही." आणि तो रुमाल त्यानं परत तिच्या हातात दिला. "पटकन करा. मी बघितलंच नाही."

चार गुंडाळ्या झाल्या. मी म्हटलं, "झालं तुझं काम, चल."

"ढीग आहे अजून."

"अगं, पुरे!"

"अर्धं काम टाकून ताटावर बसायची सवय नाही मला."

मी शेजारी खाली बसलो आणि गुंडाळायला लागलो. मागं वळून हाक मारली, "मुकुंद साहेब, या हो!" ते आले बिचारे. टाय खांद्यावरून मागं टाकला, बाह्या सारल्या. त्यांचा पहिला रुमाल पुतळाबाईनं उलगडून परत दिला. "घट्ट. सैल पार्सल मालक परत पाठवतो."

कमळाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "एवढा मोठा साहेब, आणि सुरी उलटी."

ढीग संपला. शेवटची गुंडाळी पुतळाबाईनंच केली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग स्टुलावर तशीच बसून कमळाबाईला म्हणाली, "आता तुम्ही वाढा. काम तुमचं केलं."

कमळाबाईनं आधी हातात केळं दिलं, मग ताटली भरली. उपमा, इडल्या, वर चटणी. आणि पहिल्यांदा त्या सबंध खोलीत कोणीतरी कोणाला म्हणालं, "घ्या बाई, संकोच करू नका. अजून घ्या."

पुतळाबाई जेवली. मी तिच्या ओठाकडं बघत होतो. घाम हळूहळू वाळला, तोंडावर रंग आला, आणि रंग आल्याची खूण म्हणजे तिनं मला टोकलं. "तुम्ही थोड्याच केल्या. त्या मानानं खा."

मी काजूकडं गेलेला हात मागं घेतला. मुकुंद साहेबांनी पण घेतला.

दुपारी विमान लागलं. विमानात खुर्ची कसली, पलंगच तो. सुटल्यावर थोड्या वेळानं एक हवाई सुंदरी आली, आमच्यापुढं पांढरं कापड अंथरलं, त्यावर ताट ठेवलं. पुतळाबाईनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मनात म्हटलं, झालं, परत पहिल्यापासून.

"विचारा तिला," पुतळाबाई म्हणाली, "इथं काय काम आहे."

मी आमच्या कंपनीतल्या हिंदीत विचारलं, "मॅडम, इनको कुछ काम देव ना. बिना काम का ये खाती नही."

ती पोरगी गोंधळली. तिला वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग हसून म्हणाली, "माँजी, आप बस बेल्ट बाँधके बैठिए. यही आपका काम है."

मी ते बायकोला मराठीत सांगितलं. पुतळाबाईनं विचार केला. पट्टा ओढून घट्ट केला, पाठ सरळ केली आणि कंपनीत पाळीवर बसल्यासारखी समोर बघत बसली. बराच वेळ. मला वाटलं जेवण गार होणार.

शेवटी म्हणाली, "सोपं नाही हो हे काम." आणि घास घेतला.

पोटभर जेवली. नंतर पुन्हा आणून दिलेलंपण सगळं जेवली, गोळीच्या वेळेला गोळी घेतली. मी निवांत झालो. जयाकडं आता ही धडधाकट पोचणार. जेवण कोणाच्या घरचं ते मला अजूनही विचाराल तर सांगता येणार नाही, पण तेव्हा मी विचार करायचंच सोडलं. पट्टा काढला आणि जरा पाय मोकळे करायला उठलो.

तेवढ्यात हात धरून तिनं मला खाली बसवलं.

"जेवलात ना? मग काम सोडून कुठं चाललात?"