आधी तुम्ही हाणा

"मारानं जगात आजवर कुणीही सुधारलेलं नाही, माणूस सुधारतो तो प्रेमानं," असं ब्रदर सियोने यांनी दोन्ही हात पसरून भर बाजारात जाहीर केलं, आणि त्याच वाक्याच्या पूर्णविरामावर एक चप्पल येऊन त्यांच्या कानाखाली बसली. ती डाव्या पायाची होती. उजवी व्यंकटला लागली.

सियोने हे चर्चच्या मिशनवर टोंगा नावाच्या बेटांच्या देशातून आलेले. उंची सव्वासहा फूट, रुंदी उसाच्या ट्रॉलीसारखी. 'टोंग्याहून आलो' म्हटलं की लोक विचारत, टांगा कुठं सोडला? निलंग्यातल्या घरमालकीण सगुणाबाईंनी त्या नावाचं पहिल्याच दिवशी 'शिवण्णा' करून टाकलं. व्यंकट त्यांचा ड्रायव्हर आणि दुभाष्या. हात उचलला तर पहिल्या विमानानं घरी, असा मिशनचा नियम होता.

आज त्यांनी एका रडणाऱ्या पोरीला पेपरमिंटची गोळी दिली, एवढंच. पण पोरं पळवणारी टोळी फिरतेय असा निरोप सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर आलेला. दीडशे माणसं गोळा झाली. बैलांचा दलाल भुजंग काठी घेऊन पुढं आला.

"बघता काय? हाणा ह्याला."

सियोनेंचा चेहरा उजळला. व्यंकटनं मात्र मागून त्यांचा शर्ट ओढला, कारण हा शब्द त्यानंच शिकवला होता. आठ महिन्यांपूर्वी सगुणाबाईंनी पहिली भाकर वाढली तेव्हा त्यानं गंमत म्हणून सांगितलं होतं, आमच्याकडं 'जेवा' म्हणत नाहीत, 'हाणा' म्हणतात. अगदीच खोटं नव्हतं. चार दोस्त मटणावर बसले की म्हणतातच. तेव्हापासून दर पंगतीत सियोने तो शब्द हात जोडून वापरत आले होते.

तसेच त्यांनी आत्ताही हात जोडले.

"आधी तुम्ही हाणा," ते म्हणाले. "मी मागून हाणतो. घाई नाही."

मग गावाच्या इज्जतीचा सवाल आला.

पहिली काठी खांद्यावर पडली आणि आत काहीतरी तुराटीसारखं मोडलं. दुसरीनं भुवई फुटली. मग मोजदाद राहिली नाही. बुक्के, बूट, तराजूची दांडी, हाताला येईल ते. "आवो ऐका, पावणे हायत," म्हणत व्यंकट मधे पडला, तर कुणाची तरी टाच त्याच्या तोंडात बसली आणि पुढचा दात गेला. तो सरपटत टमाट्याच्या गाड्याखाली शिरला आणि तिथंच राहिला. तिथून त्याला सियोनेंचे फक्त पाय दिसत होते. ते पाय हलले नाहीत. बुटांवर रक्त ठिबकत होतं.

शेवटी मारणाऱ्यांचे हात भरून आले. सियोनेंनी डोळ्यातलं रक्त पुसलं आणि यजमानाला विचारावं तशा अदबीनं भुजंगला विचारलं,

"तुमचं झालं? पोटभर? आता मी हाणू?"

आणि जेवणाआधी करत तसं, एका हातानं सावकाश, त्यांनी बाह्या वर सारल्या.

भुजंगनं काठी टाकली. बाजार मिनिटभरात रिकामा झाला. त्या पोरीची आजी नागम्मा तेवढी उरली, तिचे गुडघे चालत नव्हते म्हणून. तिनं शेजारच्या सोडून दिलेल्या दुकानातली मूठभर हळद घेऊन भुवईवर दाबली.

"पेपरमिंटच हाय ती. म्या बी एक खाल्ली."

"मग मघा का न्हाई बोललीस, आज्जी?" गाड्याखालून व्यंकटनं विचारलं.

"मला कोन इचारलं?"

दुपारी निलंग्याच्या दवाखान्यात सियोनेंचा हात गळ्यात बांधला, भुवईला सात टाके पडले. सगुणाबाईंचा डबा आला. तो उघडता उघडता व्यंकट खाली बघून म्हणाला,

"अण्णा, चूक झाली माझी. हाणा म्हंजे नुसतं जेवा न्हाई. मारा बी हाय."

सियोने वर पंख्याकडं बघत होते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "सगुणाबाई नवऱ्याला, लक्ष्मणरावांना, रोज म्हणतात, हाणा आणखी. त्यांच्या हातात तेव्हा ताट नसतं."

व्यंकटच्या दाताच्या जागी गार वारं लागलं. त्यानं विचारलं,

"मग त्या बाह्या..."

"व्यंकट," सियोने म्हणाले, "ती भाकर जरा दुधात कुस्करून द्याल का? दात हलतो आहे."