हे बदल ठेवायचे का?

मोतीकाकांना चष्म्याचा भारी राग. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिता लिहिता त्यांचे केस पांढरे झाले, पण अक्षर मोत्यासारखं ते मोत्यासारखंच राहिलं, म्हणून तर ते मोतीकाका. असल्या माणसानं नाकावर चष्मा चढवायचा म्हणजे म्हातारपणाला घरात घेण्यासारखंच. मेहुण्यानं दवाखान्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला नवा मोठा मॉनिटर जोडून दिला, तेव्हा काकांना त्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली. मेहुण्याची पाठ वळताच त्यांनी सेटिंग्ज उघडून रिझोल्यूशन खाली आणलं. अक्षरं टम्म फुगली. कडा पुसट झाल्या, पण मोठी तर झाली ना! काका स्वतःवर बेहद्द खूश.

डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत बसून औषध मराठीतच टाइप करायच्या, पोरांच्या आयांना कळावं म्हणून. ते बाहेर काकांच्या पडद्यावर यायचं, आणि काका ते बाटलीवर उतरवायचे.

आज सकाळी काकांची लेक तान्ह्या छकुलीला घेऊन आली. खोकून खोकून पोर बेजार झाली होती. औषध पडद्यावर आलं. काकांनी डोळे बारीक केले. 'पा' दिसत होता, पुढचं अक्षर मात्र नुसता काळा डाग. रोज सिरपच्या बाटल्यांवर पाच मिली, पाच मिली लिहिणारा हात तो, तो कशाला थांबतोय? 'पाच मिली, तीन वेळा' लिहून मोकळा झाला. बाटली एवढीशी, ही उद्यापर्यंतही पुरायची नाही, असं काकांच्या मनात येऊन गेलं. पण बाईंना विचारावं, तर त्या म्हणणार, "दिसत नाही का?" काकांनी शंका गिळली आणि बाटली लेकीच्या हातात दिली.

दुपारी बाई घरी गेल्या. दवाखाना रिकामा झाला, तशी ती एवढीशी बाटली काकांच्या डोक्यात घोळायला लागली. त्यांनी छकुलीचं पान उघडलं. डाग तसाच. नाक पडद्याला टेकवलं, तर डाग आणखीच पसरला. शेवटी मानापमान बाजूला ठेवून त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, रिझोल्यूशन कमी केलंत ना?" मेहुणा हसायला लागला. "अहो, पडद्यात ठिपके मोजून बसवलेले असतात. कमी मागितले की तो एकेक ठिपका ताणून फासत बसतो. यादीतला सगळ्यात वरचा आकडा घ्या. अक्षरं बारीक वाटली तर मग नुसता फॉन्ट वाढवू."

काकांनी वरचा आकडा दाबला. पडदा काळा झाला आणि लख्ख होऊन परत आला. मधोमध एक चौकट: हे बदल ठेवायचे का? तिच्या शेजारी बारीक, पण कोरून काढल्यासारखी अक्षरं. पाव मिली. लेकीला लिहून दिलं होतं त्याचा विसावा भाग.

चौकटीतले आकडे उलटे मोजत उतरत होते आणि काका तो 'पाव' पुन्हा पुन्हा वाचत होते. मोजणी संपली, कोणी हो म्हटलं नाही, म्हणून लिनक्सनं सगळं पहिल्यासारखं करून टाकलं. परत तो डाग. वेडी आशा कशी असते बघा: पाचच असेल, आपल्यालाच भास झाला असेल, असं त्या माणसाला खरंच वाटलं. त्यांनी पुन्हा वरचा आकडा दाबला. पाव. या वेळी त्यांनी 'ठेवा' दाबलं.

"काय दाजी, दिसतंय का आता?" मेहुणा विचारत होता. काकांनी फोन तोडला आणि लेकीला लावला.

"छकुलीला औषध दिलंस?"

"घरी आल्या आल्या दिलं."

"किती?"

"किती म्हणजे? तुम्हीच लिहिलंय की, पाच. तुमचं अक्षर लागलं नाही असं कधी झालंय का?" लेक हसत होती. "खोकला कुठल्या कुठे पळाला, बाबा. तेव्हापासून गाढ झोपलीये."

"उठव तिला."

"अहो, आत्ता कुठे तिला जरा..."

"उठव म्हणतो ना!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लेकीच्या हाका, आधी लाडाच्या, मग मोठ्यानं. काकांच्या समोर पडद्यावर अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "ही उठत नाहीये."