मास्तरचा डावा हात

“उजवा नाही, डावा,” आई म्हणाली.

तिच्या डोक्यावर धातूची चौकट चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली होती. कपाळावर जिथे भूल टोचली होती तिथे दोन टेंगळं आली होती. अशा अवतारात माणूस निदान गप्प तरी बसतो. पण आमच्या आईला गप्प बसवेल अशी चौकट अजून कुणी बनवलेली नाही.

डॉक्टर तिला धीर द्यायला आले होते. एमआरआय झालाय, आता मशीनमध्ये तासभर पडून राहायचं, सुरी नाही की टाके नाहीत, बारीक किरण मेंदूतल्या एका ठिपक्यावर सोडायचे आणि तीन-चार महिन्यांत उजव्या हाताचा कंप कमी होईल, असं ते सांगत होते. तिथेच माशी शिंकली.

“अहो, पण फॉर्मवर उजवा लिहिलाय,” डॉक्टर म्हणाले.

“फॉर्म मी नाही भरला. हिने भरला.”

ही म्हणजे मी, तिची एकुलती एक मुलगी. फॉर्मवर विचारलं होतं, लिहिण्याचा हात कोणता? मी ‘उजवा’ लिहिलं, आणि ते काही खोटं नव्हतं. शाळेत बाईंनी पट्ट्या मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. कात्री मात्र तिने जन्मभर डाव्या हातानेच चालवली. बत्तीस वर्षं ती एका शिंप्याच्या दुकानात कोट बेतते. तिथे सगळे तिला मास्तर म्हणतात, मालकसुद्धा. तिची कात्रीही डावऱ्यांची, उलट्या पात्यांची. उजव्या हातात धरली तर ती कापड कापत नाही, नुसतं चावते.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी गप्प बसले. वर्षभर तिचे दोन्ही हात थरथरत होते. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा अंगावर सांडायचा. दुकानात मालकाने तिला कापडापासून उठवून बटणांच्या डब्यांपाशी बसवलं होतं, आणि त्या दिवशी ती आपली कात्री फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आली होती. मला वाटलं, पुरे झालं आता. डॉक्टर दोन्ही बाजूंना किरण द्यायला तयार नव्हते, त्याने बोलणं अडखळण्याची भीती होती. म्हणजे सुधारला तर एकच हात सुधारणार. मग तो जेवणाखाणाचा का नको?

“आई, जरा शांत डोक्याने घे,” मी म्हटलं.

“शांतच आहे. चारी बाजूंनी आवळलंय.”

सिस्टर तोंड फिरवून हसली.

“अगं, नीट जेवता येईल, सही करता येईल. अठ्ठावन्न वर्षांची झालीस. अजून किती कोट कापणार आहेस?”

“चमचा डाव्या हातातही धरता येतो. सही नाही जमली तर अंगठा उठवीन. कात्री उजव्या हातात येत नाही, हे तुला मी सांगायला हवं?”

“तुझ्यासाठीच केलं ना मी!”

“माझ्यासाठी नाही. तुला मी घरात बसलेली हवी होते. हात माझा आणि ठरवून मोकळी झालीस तू.”

सिस्टरसमोर, डॉक्टरांसमोर बोलली ती. मला राग आला आणि लाजही वाटली. लाज जास्त वाटली, कारण ती म्हणाली ते खरं होतं.

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात पुन्हा तपासले. कंप दोन्हीकडे सारखाच होता. “डाव्या हातासाठी मेंदूच्या उजव्या बाजूचा ठिपका धरावा लागेल,” ते म्हणाले. “आखणी नव्याने करायची तर दोन तास जातील. चौकट तोवर काढता येणार नाही.”

“मग बसते की. बत्तीस वर्षं उभी होते.”

“आणि उजवा हात असाच राहील. कदाचित वाढेलही. नंतर म्हणाल, सांगितलं नव्हतं.”

“मी नाही म्हणणार. नवा फॉर्म द्या.”

सिस्टरने फॉर्म आणला. मी पेनाला हात लावणार तोच आईने कागद स्वतःकडे ओढला. थरथरत्या उजव्या हाताने तिने एकच शब्द लिहिला, ‘डावा’. अक्षरं रकान्याबाहेर सांडली, ‘ड’ तर पार खालच्या ओळीत घसरला. पण वाचता येत होतं.

पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही. दुसऱ्यातही नाही. शेजारपाजारचे म्हणू लागले, उगाच डोक्याला ताप करून घेतला. मीही मनात तेच म्हणत होते, फक्त तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. तिसऱ्या महिन्यात तिने डाव्या हाताने सुई धरून दाखवली. चौथ्यात ती दुकानात गेली. मी मागोमाग गेले, तिने नको म्हटलं तरी.

मालकाने कोटाचं कापड टेबलावर पसरलं. “मास्तर, जमेल ना? गिऱ्हाईक उद्या येणार आहे.”

“मग आजच कापायला हवं,” आई म्हणाली.

शिलाई मशीनं एकेक करत थांबली. तिने डाव्या हाताने खडूची रेघ ओढली. रेघ सरळ आली. पण कापड दाबून धरायला उजवा हात ठेवला, तशी त्याच्या थरथरीने कापडच सरकू लागलं. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मालकाने मान खाली घातली. मी कापड धरायला पुढे झाले.

“हात काढ,” ती मला म्हणाली.

तिने फळीवरची दोन लोखंडी वजनं घेतली आणि कापडाच्या दोन टोकांवर ठेवली. उजवा हात तिने एप्रनच्या खिशात घातला. खिसा थरथरत होता. ती टेबलावर वाकली, आणि कात्री खांद्याच्या वळणावरून न अडखळता पुढे गेली.