सात दिवस रोह्याला

शिट्टी वाजली तेव्हा वैशालीच्या लक्षात आलं, दोरी पुन्हा आपल्याच हातात आहे.

"वैशाली, हात!" रोहिणीताई मैदानाच्या त्या टोकाहून ओरडल्या.

तिनं दोरी जितेशसरांच्या हातात कोंबली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन उभी राहिली. जितेशसर कोलाडच्या शाळेत पीटी शिकवतात. आज त्यांना नवशिक्या मास्तराचं सोंग घ्यायचं होतं, आणि ते त्यांनी एवढं मन लावून चालवलं होतं की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हावा. दोन बांबू आडवे-उभे ठेवून दोरीनं घट्ट बांधायचे, एवढंच काम. पण सरांची दोरी कधी सुटत होती, कधी त्यांच्याच अंगठ्याला वेढा घालत होती. वैशालीला ते बघवेना. एखाद्याला नीट जमत नसलं की तिचे हात तिला न विचारताच पुढे जायचे.

रोह्याच्या त्या शाळेत रविवारची ही तालीम चालली होती. पुढल्या महिन्यात तिथंच सात दिवसांचा कोर्स भरणार होता. स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टन व्हायला निघालेले, खरं तर मुख्याध्यापकांनी 'यंदा तुमचा नंबर' म्हणून पिटाळलेले शिक्षक गावोगावहून येणार होते. तंबूत राहायचं, चुलीवर शिजवायचं, आणि मुलांना जे शिकवायचं ते आधी स्वतः करून बघायचं. त्यांना शिकवायला जो स्टाफ लागतो, त्यात यंदा पहिल्यांदा वैशालीचं नाव होतं. पेणच्या शाळेत ती गाईड कॅप्टन. कोर्स म्हणाल तर सगळे झालेले, पण कायम शिकणाऱ्यांच्या रांगेत बसून. स्टाफमध्ये बोलावणं यावं म्हणून तिनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि ते आलं नेमकं अशा वर्षी, जेव्हा तिला उभ्या उभ्या डुलकी लागत होती.

चहाच्या वेळी रोहिणीताई तिच्याशेजारी येऊन टेकल्या. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि या कोर्सच्या प्रमुख. आवाज खणखणीत, पण मनानं मऊ बाई.

"तू त्यांचं काम करून देतेस, त्यात तुला बरं वाटतं. त्यांना काय मिळतं?"

"वेळ जातो हो ताई. आणि चुकीचं बांधलं तर सगळं कोसळेल."

"कोसळू दे की! पुन्हा उभं करतील तेव्हाच शिकतील. आपण एकदा सांगायचं, एकदा दाखवायचं, मग हात मागे. भात करपला तरी हात मागे. नसेल होणार तर तुला कोठीत बसवते, बटाटे निवड." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "आणि येणार आहेस ना नक्की? बुधवारी संध्याकाळी फोन करेन, मला पक्कं हवं. तू नाही म्हणालीस तर दुसरी कुणी बघावी लागेल. आणि पुढल्या वर्षी प्रमुख मी नसेन, हे ध्यानात ठेव."

"येणार," वैशाली म्हणाली. म्हणाली खरी, पण परतीच्या गाडीत तिचं गाव, कासू, येईपर्यंत ती घरचाच हिशेब मांडत राहिली. घरी सासरे होते.

पुंडलिकआबांचं सगळं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेलं. गेल्या शिमग्यात त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. काठीच्या आधारानं ओटीपर्यंत येत, पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला तिथंच. डाव्या हातानं जेवा म्हटलं की भडकत. "त्या हातानं काय करतात ठाऊक हाय ना? त्यानंच खाऊ?" चमचा पुढे केला तर, "चमच्यानं औषध घेतात. जेवतात व्हय?" दुपारी वैशाली शाळेत असायची, तेव्हा म्हणे ते पेजेवर भागवत. पेज प्यायला डावा हात चालायचा, तो कसा हे विचारायची सोय नव्हती. सकाळी आणि संध्याकाळी मात्र भरवायचं, आणि ते वैशालीनंच. मुलाच्या हातून नाही, नातीच्या हातून नाही.

म्हणून ती धावायची. शाळा सुटली की स्टेशन, कासूला उतरली की घर. वाटेत भाजीवाली हाक मारायची, तिला मानेनंच नाही म्हणायचं. घरी येऊन हात धुवायचे, भात टाकायचा, बोईच्या कालवणातले काटे एकेक करून काढायचे, भात मऊ कालवायचा आणि आबांच्या खाटेशी पाट घेऊन बसायचं. आबा सावकाश चावत. मधेच जड जिभेनं काहीतरी विचारत, शाळेत कोण काय म्हणालं वगैरे, आणि ती सांगायची. त्यांचं बोलणं घरात तिलाच पुरतं कळायचं. अर्धा तास तरी जायचा. मग उठून बाकीच्यांचा स्वयंपाक, आणि सगळ्यांचं उरकल्यावर तिचं जेवण ओट्यापाशी, उभ्यानं. ती कंटाळली होती, आणि कंटाळल्याची तिला लाज वाटत होती.

रविवारी घरी पोचल्यावर तिनं सगळ्यांना समोर बसवून विषय काढला. सात दिवस मी नाही, आबांना कोण भरवणार? प्रविण, तिचा नवरा, कंपनीत शिफ्टला जातो. माणूस चांगला, पण घरातल्या कामाला हात लावायचा तर पाहुण्यासारखा. तो लगेच ताट घेऊन बसला.

"आबा, आ करा."

आबांनी ओठ असे मिटले की सुई जाणार नाही.

मग अकरावीतली भाविका पुढे सरसावली. "आबा, स्काऊटमध्ये सगळे डावाच हात मिळवतात. आईला विचारा. मानाचा हात असतो तो."

"मंग त्या मानाच्या हातानं तू जेव," आबा म्हणाले.

भाविकाला कळलं नाही. वैशालीनं समजावून सांगितल्यावर घर हसलं. वैशालीला मात्र हसू फुटेना. तिनं ताट ओढून घेतलं आणि भरवायला लागली. आबांनी निमूट तोंड उघडलं.

"नको जाऊस मग," प्रविण म्हणाला. "पुढल्या वर्षी बघू की."

हे त्यानं वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. गॅस संपला तर उद्या आणू, तसंच म्हटलं होतं. वैशालीनं आबांचं तोंड पुसलं आणि उठून भांडी घासायला लागली, ती एवढ्या जोरानं की भाविका शेजारी येऊन उगाच चमचे विसळत राहिली.

सोमवार-मंगळवार तयारीतच गेले. दोरीच्या गाठींचे तक्ते करायचे होते, जेवणाची ताटं ठेवायच्या बांबूच्या घडवंचीचा नमुना बांधायचा होता, गणवेश आणि स्कार्फ धुऊन इस्त्री करायचे होते. तक्ता रंगवताना शिक्षकखोलीत तिचा असा डोळा लागला की निळी शाई गालाला लागून आली, आणि तोच गाल घेऊन तिनं आठवीचा तास घेतला. पोरींनी सांगितलंही नाही. घरी तिनं हात मागे ठेवायचा सराव केला. भाविकाला भाकऱ्या करायला लावलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. पहिली भाकरी उचलताना फाटली. दुसरी तव्यावर पडली ती दुमडूनच. तिसरीला वैशालीनं परात पुढे ओढली. "आई, हात!" भाविका हुबेहूब रोहिणीताईंच्या थाटात ओरडली, आणि खरं सांगायचं तर वैशालीला रडावंसं वाटलं. जायचं की नाही तेच ठरत नव्हतं, आणि इथं तालमी चालल्या होत्या.

बुधवारी कासूला उतरल्यावर ती घरी जायच्या आधी सरूकाकीकडे वळली. सरूकाकी म्हणजे आबांच्या चुलतभावाची बायको, घर अगदी भिंतीला भिंत लागून. दुपारची पेज तीच नेऊन द्यायची. तिच्याकडे पदर पसरायचा एवढाच मार्ग आता उरला होता.

"काकी, सात दिवस भरवाल का हो त्यांना? तुमचं कदाचित ऐकतील."

सरूकाकी सुकट निवडत होती. तिनं मान वर केली. "भरवू? कोनाला गो?"

"आबांना."

"भावजींना कशाला भरवाया हवं? दुपारचे जेवतात की आपले आपन. भात, कालवन, सगळं. चमच्यानं, डाव्या हातानं. ताट कसं लख करून ठेवतात."

वैशालीला वाटलं काकी थट्टा करते आहे. "पेज घेतात ना दुपारी?"

"पेज सुरवातीला. गणपतीच्या आदीपासनं जेवतात. तुला ठाऊक नाय? मी म्हनलं, तुझ्याच हुकमानं चाललंय सारं."

काकीच्या दारातून घरी यायचं अंतर ते किती! पण तेवढ्यात वैशालीच्या डोळ्यांपुढून सगळे दिवस गेले. चुकायला आलेली गाडी पळत जाऊन पकडलेले, पावसात छत्री उलटी झाली तरी न थांबलेले, मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नातून अक्षता टाकल्या न टाकल्या निघून आलेले. शाळेत चार बायका मिळून चहाला जायच्या, त्यांनी आताशा तिला विचारणंच सोडलं होतं. कुणासाठी? जो माणूस चमच्यानं ताट लख करतो त्याच्यासाठी!

ती घरी आली. पिशवी कोपऱ्यात टाकली. भात टाकला, कालवण गरम केलं, काटे काढले. मग ताट वाढून त्यात चमचा ठेवला आणि ते आबांच्या पुढ्यात ठेवून पाटावर बसली. हात मागे.

आबांनी सवयीनं तोंड उघडलं. काही आलं नाही तसं मिटलं. "भरव ना," ते म्हणाले.

"सरूकाकीनं सांगितलं मला."

आबांची नजर ताटात गेली. चोरी पकडलेल्या पोरासारखा त्यांचा डावा हात पांघरुणाखाली सरकला.

"गणपतीच्या आधीपासून, आबा?" वैशालीचा आवाज चढला. या घरात तिनं सासऱ्यापुढे आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. "आणि मी रोज मरमर धावत येतेय! उशीर झाला की जीव घशाशी येतो, आबा उपाशी असतील म्हणून. माझे पाय बघा कसे सुजलेत. मिळून मिळून एक गोष्ट मिळाली मला, रोह्याला जायची, तीसुद्धा सोडून देणार होते तुमच्यापायी. तुम्हाला माझी धावपळ दिसत नव्हती का हो?"

भाविका आतल्या दारात येऊन उभी राहिली आणि तशीच मागे गेली.

आबांना बोलायला वेळ लागतो. जीभ हलवायची तर आधी जबडा तयार करावा लागतो. वैशाली थांबली. एरवी तिनं त्यांचं अर्धं वाक्य स्वतःच पुरं केलं असतं. आज केलं नाही.

"दिसत होती," आबा म्हणाले. "म्हनून तर."

"म्हणून तर काय?"

"मना भरवतंस तवाच तू बसतंस. नायतर या घरात तुझं बूड कवा टेकलंय गो? मी माझा माझा जेवलो असतो, तर तेवढा वेळ बी तू चुलीपाशी उभीच."

वैशालीला आधी आला तो रागच. तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझी काळजी करायला? आणि करायची ती अशी? मला बसवता यावं म्हणून मला पेणपासून पळवायचं? असला हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती तिथं बसलेली होती. पाटावर, पाठ भिंतीला टेकून, पाय लांब करून. पाय कधी लांब केले हेसुद्धा तिला कळलं नव्हतं. रोज याच वेळी ते आपोआप लांब होत असणार, आणि ते तिला नाही, पण एका माणसाला माहीत होतं. कोणी आपल्याकडे एवढं बघत असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मागे धरलेले हात सुटून मांडीवर आले आणि ती रडायला लागली, आवाज न करता, खूप दमलेली बाई रडते तशी.

आत फोन वाजला. "आई, रोहिणी मॅडम!" भाविका ओरडली.

"सांग त्यांना, येते म्हणावं." वैशाली जागची उठली नाही.

आबांनी पांघरुणातून डावा हात काढला आणि चमचा उचलला. भाताचा घास तोंडाशी नेताना थोडा छातीवर सांडला. तो त्यांनी तसाच राहू दिला आणि दुसरा घेतला. वैशाली डोळे पुसून बघत राहिली. हात छान वळत होता त्यांचा, सवयीचा झाला होता. तरीसुद्धा आबा प्रत्येक घास मिनिट-मिनिट चावत होते, मधे पाणी पीत होते, चमचा ठेवून देऊन उगाच अंगणाकडे बघत होते. कालवण निवून गेलं तरी त्यांना घाई नव्हती. ताट संपलं असतं तर ती उठली असती.