भरून परतलेली बरणी

टण्ण.

भर दुपारी पाचोऱ्यातलं ते घर गाढ झोपलं होतं, आणि नऊ वर्षांच्या पुष्पीच्या हातून माझं झाकण न्हाणीच्या फरशीवर पडलं. पडवीतून लगेच आजीचा आवाज आला, "पुष्पे, त्या बरनीले हात नको लावू. लावना व्हई तर धुई टाक."

मित्रांनो, जिला हात लागला तर धुवावा लागतो, ती बरणी म्हणजे मी. मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. पोटाला पांढरी, गळ्याशी तपकिरी. आज माझ्यात भांडी घासायची राख असते. पण एके काळी माझ्यात तूप असायचं, आणि या घरात माझ्याहून जास्त मान फक्त देव्हाऱ्याला होता.

ज्या भट्टीत भाजून निघाले ती मला आठवत नाही. आठवतो तो धुळ्याचा बाजार. पुष्पीची आई कुंदा, या घरची सून; तिच्या आईने तिथे मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं होतं. आईला दम्याचा त्रास, म्हणून कुंदाचं बाळंतपण सासरीच ठरलं होतं. पण तूप माहेरचंच हवं. रवाळ तुपाने काठोकाठ भरून, तोंडाला कापड बांधून मी पाचोऱ्याला आले. कुंदाच्या सासूबाई भागाबाई, म्हणजे पुष्पीच्या आजी, हात धुतल्याशिवाय मला फळीवरून उतरवत नसत.

तो नव्वद सालचा चैत्र होता. अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. चुलीवर मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटत होता आणि शेजारच्या अमिनाबी बिबडे थापायला आल्या होत्या. त्यांची चार वर्षांची मदिना कोंबडीच्या पिलामागे धावली. पातेलं कलंडलं. घाटा चिकट असतो; तो पोरीच्या पाठीवर पडला आणि पाठीला धरूनच राहिला. भागाबाईंनी चिमटा शोधला नाही की फडकं शोधलं नाही. उघड्या हातांनी त्यांनी तो घाटा ओरबाडून काढला. त्यांचे दोन्ही तळवे फोडांनी भरले.

मदिनाला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. पट्टी बदलताना ती इतकी ओरडायची की अमिनाबी कान झाकून जिन्यात जाऊन बसायच्या. कुंदा दिवस भरत आले असतानाही भेटायला गेली. डॉक्टर तिला म्हणाले, "बाळाच्या वारेला एक पातळ पडदा असतो. तो धुऊन भाजलेल्या जागी पसरला की दुखणं थांबतं, कातडी लवकर धरते. पण मागायचा कुणाकडे? लोक वार घरी नेऊन गाडतात."

घरी येऊन कुंदाने ते सांगितलं. भागाबाईंनी तोंड वाकडं केलं.

"वार आंगणमा गाडतस, बाई. लोकस्ना आंगवर पांघरतस नई. कोनी काही करी टाकं मंग? दूध आटी जाई तुनं."

"आटलं तर शेळीचं पाजू, आत्या. पाठ उघडी आहे तिची."

भागाबाईंनी आपल्या तळव्यांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दी टाक. मना चुल्हावर भाजायनी ती." आणि थोड्या वेळाने, "पन कशामा नेशात?"

कुंदाने फळीकडे पाहिलं. रुंद तोंडाची, उकळता येईल अशी घरात मी एकटीच होते.

तूप डब्यात काढलं गेलं. मला उकळलं, पुन्हा उकळलं. आणि पुष्पी जन्मली त्या सकाळी सूतिकागृहातल्या कमलबाई नर्सने तो पडदा धुऊन, सलाईनच्या पाण्यासकट माझ्यात सोडला. उरलेली वार तिने भागाबाईंच्या हवाली केली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला किळस आली. तुपाच्या वासात वाढलेली मी. आणि हे गार, बुळबुळीत, लोखंडासारख्या वासाचं. पोटातून ओकून टाकता आलं असतं तर मी टाकलं असतं.

कुंदाचे मालक, मगन, मला बर्फाच्या बादलीत ठेवून पॅसेंजरने निघाले. माहेजीला एक म्हातारी समोर येऊन बसली.

"काय शे रे भाऊ बरनीमा?"

"तूप."

"बर्फमा तूप? कुठलं म्हनाचं?"

"बायकोचं... माहेरचं," मगन म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. म्हातारीने नातवासाठी बोटभर मागितलं, तेव्हा त्यांनी बादली उचलली आणि शिरसोलीपर्यंत दारात उभे राहिले.

दवाखान्यात तो पडदा मदिनाच्या पाठीवर पसरला. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ तो. पोरीने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पालथी झोपली ती, कितीतरी दिवसांनी. अमिनाबी जिन्यातून वर आल्या, कान सोडून. माझी किळस तिथेच गेली.

मदिना बरी होऊन घरी आली तशा अमिनाबी मला परत द्यायला आल्या. त्यांनी मला काठोकाठ तुपाने भरलं होतं.

"हाई कसाले वं?" भागाबाईंनी विचारलं.

"रिकामं भांडं परत देऊ नये, अक्का. तुम्हीच शिकवलं मला."

भागाबाई हसल्या, मला घेतलं. अमिनाबी वळल्यावर त्यांनी झाकण काढलं. तूप चांगलं होतं, कणीदार. पण त्यांना उमासा आला. पदर तोंडाला लावून त्या मागल्या दारी गेल्या आणि सगळं तूप कुत्र्यापुढे उपडं केलं.

अमिनाबी काहीतरी सांगायला परत आल्या होत्या. कोपऱ्यावर उभ्या राहिल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कुत्र्यानं नशीब काढलं, अक्का."

वारेचा वास माझ्या अंगावरून पाण्याने गेला. ती दुपार अजून गेलेली नाही.

भागाबाई दुष्ट नाहीत. मदिना आली की तिच्या पाठीला त्या तेल लावतात. लग्नाकार्यात अभिमानाने सांगतात, "मनी सूननी वार शे ती पाठवर." मला मात्र आधी हळदीच्या पाण्याने धुतलं, मग गोमूत्राने, मग उन्हात ठेवलं, आणि शेवटी न्हाणीत. घाटा ओरबाडणारे तेच हात मला लागत नाहीत. लोक पुण्य सांगत फिरतात आणि ते ज्यातून नेलं ते भांडं राखेत ठेवतात, याचीच मला आता शिसारी येते.

गेल्या रविवारी कुंदाने पेपर वाचून दाखवला. म्हणे बाळाच्या नाळेतलं रक्तही आता जपून ठेवतात, कुठल्याही परक्या आजारी मुलाला देतात. "आते रगत बी?" म्हणून आजीने पदर नाकाशी नेला. मित्रांनो, उद्या तुमच्या दारी कुणी ते मागायला आलं, तर द्या. आणि देऊन झाल्यावर नाक धरू नका. मला तूप नको. पण ज्याने कुणाचं दुखणं थांबवलं, त्याचा विटाळ धरू नका.

झाकणाच्या आवाजाने कुंदा न्हाणीत आली. पुष्पी हात धूत होती.

"आई, मदिनाताईच्या पाठीचं औषध हिच्यातनं नेलं ना?"

"हो."

"ते माझ्याभोवती होतं?"

"हो गं. नऊ महिने तू त्यातच गुंडाळलेली होतीस."

पुष्पीने ओल्या हातांकडे पाहिलं, मग पडवीत लवंडलेल्या आजीकडे. कुंदाने माझं झाकण उचललं.

"मग मला जवळ घेतल्यावर आजी हात का धूत नाही?"