गृह-अर्थशास्त्राच्या वहीची कैफियत

मी एक जुनी प्रॅक्टिकलची वही आहे. जुनी म्हणजे अवघ्या दोन वर्षांची, मित्रांनो. पण कचेरीच्या टेबलावर पडून पडून वयापेक्षा जास्तच झिजले आहे.

देवळीच्या एका दुकानातून वेदश्रीने मला घेतले, तेव्हा ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिने माझ्या मुखपृष्ठावर वळणदार अक्षरात लिहिले, ‘गृह-अर्थशास्त्र’. आमच्या कॉलेजात विषयाचे नावच तसे. नावात अर्थशास्त्र, पण आत सारा आहार: ज्वारीच्या एका भाकरीत किती उष्मांक, मोड आल्यावर मटकीत काय वाढते, बाळंतिणीला काय द्यावे. एका पानावर हळदीचा डाग पडला, तेव्हा वेदश्री रडवेली झाली. मॅडमनी मात्र शेरा दिला, ‘वही अशीच असावी.’ ते माझे सुखाचे दिवस.

पुढे तिने आहारतज्ज्ञ व्हायचे ठरवले. विद्यापीठात आहारशास्त्राची पदवी होती, आणि आधी शिकलेल्याचे क्रेडिट तिकडे नेता येत होते. क्रेडिट म्हणजे अमुक विषय अमुक तास शिकल्याची नोंद. ती मान्य झाली की थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. तिचे वडील बंडूजी, किराणा दुकानदार. त्यांनी बजावले होते, “दुसऱ्या वर्षाले घेतलं तं जाय. पुन्हा पहिल्यापासून बसाचं असन तं राहू दे, बी.ए.च कर.”

विद्यापीठाच्या कचेरीतल्या भूपेंद्रबाबूंनी तिची गुणपत्रिका पाहिली. जागा वाचवायला तिच्यावर ‘होम इकॉनॉमिक्स’ऐवजी विषय छापला होता, ‘एच. इको.’

“हे इकॉनॉमिक्स आहे. आहारात कसं चालन?”

वेदश्रीने घाईघाईने मला पुढे केले. त्यांनी माझ्या मुखपृष्ठावर बोट ठेवले. “तुम्हीच तं लिहून ठेवलं, अर्थशास्त्र!”

मित्रांनो, तिच्या बाजूने बोलायला मी गेले आणि तिच्याच विरुद्ध साक्ष देऊन बसले. ‘आत बघा’ असे ओरडावेसे वाटले. त्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला.

विषय आहाराचाच आहे असे कॉलेजचे पत्र आणायला सांगितले. पत्र आले, तर शिक्का गोल हवा होता आणि तो लांबट निघाला. तिसऱ्या खेपेला बंडूजी दुकान बंद करून सोबत आले. त्यांनी मला उघडले आणि एक पान बाबूंसमोर धरले. त्यावर मधुमेह असलेल्या, दिवसभर उभे राहणाऱ्या दुकानदाराचा आहार लिहिला होता.

“बाबूसाहेब, हा दुकानदार मीच. या पानानं माही शुगर दोनशे ऐंशीची एकशे चाळीसवर आणली. इकॉनॉमिक्सनं शुगर कमी होते काय?”

रांगेतले लोक हसले. बाबूंनाही हसू आले, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझी पाने उलटली. मग मला आहारशास्त्राच्या प्रमुख सुलोचनाबाईंकडे पाठवले. त्यांनी मला पाच मिनिटे वाचले आणि अर्जावर ‘क्रेडिट ग्राह्य’ असे लिहिले. पण दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. आता जागा होती ती पहिल्या वर्षात.

बाहेर पायरीवर वेदश्री मान खाली घालून बसली. बंडूजी म्हणाले, “पहिल्या वर्षाचा फॉर्म आण.”

“पण बाबा, तुम्हीच तं नाई म्हटलं होतं.”

“तुले येत नसतं तं गोष्ट वेगळी होती. तुले येते. वाचणाऱ्यालेच वाचता आलं नाई.”

आज वेदश्री पहिल्या वर्षात बसते आणि शिकलेलेच पुन्हा शिकते. मला याचा राग येतो. तो मी लपवत नाही. तिचे एक वर्ष गेले, आणि ते कोणाच्याच नोंदीत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणीतरी टेबलाच्या त्या बाजूला बसेल. कोणी लांबून एस.टी.ने आलेले मूल तुमच्यासमोर एखादी वही ठेवेल. तेव्हा नुसते नाव वाचून ती बाजूला सारू नका. तुमच्या हातांनी ती उघडा. आम्हा वह्यांना आपले आपण उघडता येत नाही.